हॉटेल चेनवाल्यांनो, एक रात्र तुमच्याच रूममध्ये झोपून बघा

मोठमोठ्या हॉटेल चेनच्या हेड ऑफिसात बसून ब्रँड स्टँडर्ड ठरवणाऱ्या सगळ्यांना,

नमस्कार. हे पत्र रिसेप्शनवरच्या मुलीसाठी नाहीये, मॅनेजरसाठी नाहीये, आणि रात्री दोन वाजता एकट्यानं अख्खी बिल्डिंग सांभाळत बसलेल्या नाइट शिफ्टच्या पोरासाठी तर बिलकुल नाहीये. हे तुमच्यासाठी आहे. म्हणजे ते जाडजूड मॅन्युअल कोणीतरी लिहीत असणारच ना, की पलंगावर उशा किती, कपाटात हँगर किती, लॉबीत वास कसला यायला पाहिजे, नाश्त्याच्या काउंटरवरची पाटी कुठल्या रंगाची, तर त्या माणसांसाठी. मी कामासाठी सतत फिरणारी बाई, आणि शहराच्या मध्यात असलेलं झकास हॉटेल माझ्या वाट्याला क्वचित येतं. बहुतेक वेळा हायवेच्या कडेला, कुठल्यातरी बिझनेस पार्कच्या पाठीमागे, भल्यामोठ्या पार्किंगच्या मधोमध उभी असलेली तुमची ती तीन-चार मजली बिल्डिंग, जी कुठल्याही शहराच्या बाहेर अगदी तशीच्या तशी असते.

ती तशीच असते याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवते. लोक नाकं मुरडतात, सगळी हॉटेलं सारखीच, कसली मजा नाही, जागेची ओळख नाही वगैरे. मुरडू देत. फ्लाइट लेट होऊन रात्री साडेअकराला बॅग ओढत पोचलेल्या माणसाला जागेची ओळख नको असते हो, त्याला पलंग, गरम पाणी आणि बंद होणारं दार हवं असतं, आणि ते शोधत बसायला लागू नये एवढीच अपेक्षा असते. पहाटे पाचला उठल्यावर आपण नेमके कुठल्या शहरात आहोत हे आठवत नसलं तरी बाथरूम डाव्या हाताला आहे हे अंगाला माहीत असतं, ही तुमची खरी कमाई आहे आणि मी तिचेच पैसे देते.

आणि हे सारखेपण आपोआप आलेलं नाहीये. १९५१ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिसचा केमन्स विल्सन नावाचा एक बिल्डर बायको आणि पाच पोरांना घेऊन गाडीनं फिरायला निघाला आणि रस्त्यातल्या मोटेलांना इतका वैतागला, कुठे रूम कळकट, कुठे प्रत्येक पोराचे वेगळे पैसे, कुठे आत पाऊल टाकेपर्यंत काय मिळणार याचा पत्ता नाही, की पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यानं स्वतःचं पहिलं हॉलिडे इन सुरू केलं. रूममध्ये एसी, टीव्ही, फोन, बाहेर पोहायचा तलाव, आईबापांबरोबर पोरं फुकट, आणि हे सगळं प्रत्येक ठिकाणी तसंच. पुढे १९७०च्या दशकात त्याच चेनची जाहिरात असायची की सगळ्यात छान सरप्राइज म्हणजे सरप्राइजच नसणं. मला ही ओळ फार आवडते. तुमचा अख्खा धंदा त्या एका ओळीवर उभा आहे.

आता माझं म्हणणं काय ते ऐका. तुम्ही जे जे फोटोत दिसतं ते सगळीकडे सारखं केलंत, आणि दिवा मालवल्यावर जे जे घडतं ते वाऱ्यावर सोडलंत. गालिच्याची नक्षी सारखी, भिंतीवरचं ते कुणालाच न कळणारं चित्र सारखं, पलंगाच्या पायथ्याची ती रंगीत पट्टी सारखी (ती कधी धुतात का हो? नको, सांगू नका). पण खोलीत अंधार होईल का, शांतता असेल का, गरम पाणी कुठल्या बाजूला फिरवलं की येईल, फोन चार्जिंगला कुठे लावायचा, या प्रत्येक गोष्टीत दर वेळी नवीन सरप्राइज.

दिव्यांचंच घ्या. तुमच्या रूममध्ये पाच-सहा दिवे असतात आणि प्रत्येकाचं बटण वेगळ्या जागी. एकाचं दाराजवळ, एकाचं दिव्याच्या मानेवर, एकाचं वायरीवर पलंगाच्या मागे पडलेलं, एकाला बटणच नाही तो स्पर्शानं लागतो, आणि एक असा असतो की तो कशानं बंद होतो हे चेकआउटपर्यंत कळत नाही. मग मी झोपताना सगळी रूम फिरून एकेक दिवा बंद करत येते आणि शेवटचा दाराजवळचा बंद करून अंधारात पलंगापर्यंत चाचपडत जाते आणि हमखास त्या खुर्चीला गुडघा आपटतो. तुम्हाला एल्सवर्थ स्टॅटलर माहीत असेलच, तुमच्याच धंद्यातला मोठा माणूस. त्यानं १९०८ मध्ये अमेरिकेतल्या बफेलो शहरात हॉटेल काढलं तेव्हा प्रत्येक रूमला स्वतंत्र बाथरूम दिली हे सगळे सांगतात, पण त्याहून मला भारी वाटतं ते हे, की दारातून आत आल्या आल्या हाताला लागेल असं दिव्याचं बटण त्यानं बसवलं आणि किल्लीचं भोक दाराच्या मुठीच्या वर घेतलं, म्हणजे अंधारात कुलूप उघडताना शोधाशोध करायला लागू नये. शंभरपेक्षा जास्त वर्षांपूर्वी एका माणसानं बसून विचार केला होता की थकलेला पाहुणा अंधारात उभा राहिला की त्याचा हात कुठे जाईल. तुमच्याकडे डिझाइनची एवढी मोठी टीम आहे, पलंगाशेजारी सगळे दिवे बंद करणारं एक बटण द्यायला काय हरकत आहे? काही ठिकाणी असतं. मग सगळीकडे का नाही, चेन म्हणवता ना स्वतःला?

बरं दिवे बंद झाले तरी अंधार होतो का, तर नाही. पडदे मधोमध एकमेकांना भेटतच नाहीत, तिथून पार्किंगचा तो पांढराफटक दिवा बरोब्बर तोंडावर. सतत फिरणारी सगळी माणसं यावर एकच उपाय करतात, कपाटातला चिमटेवाला हँगर आणायचा आणि दोन्ही पडदे त्यात पकडायचे. हा उपाय आता इतका कॉमन झालाय की तुम्हालाही नक्की माहीत असणार, आणि तरी वीतभर जास्त कापड लावत नाही तुम्ही. त्यात टीव्हीचा लाल दिवा, स्मोक डिटेक्टरचा लुकलुकता हिरवा, एसीच्या डिस्प्लेचा निळा, छोट्या फ्रिजचा अजून कसलातरी. स्मोक डिटेक्टरचं मी समजू शकते, तो चालू आहे हे दिसायलाच पाहिजे. पण एसीला आपलं तापमान रात्रभर जगाला ओरडून सांगायची काय गरज?

एसीवर थोडं सविस्तर बोलायचंय मला. ते खिडकीखालचं खोकं. त्याचा कॉम्प्रेसर आपल्या डोक्यापासून दोन-तीन हातांवर असतो आणि तो दर थोड्या वेळानं दाणकन सुरू होतो आणि घुर्रर्र करून बंद पडतो. सलग आवाज असता तर माणूस झोपतो, आवाजाचा त्रास नसतोच, चालू-बंद होण्याचा असतो. म्हणून आमच्यासारखे लोक पंखा 'ऑटो'वरून काढून 'ऑन'वर टाकतात म्हणजे निदान पंख्याचा आवाज सलग राहतो आणि कॉम्प्रेसरचा धक्का थोडा त्यात मुरतो. पण आता तुम्ही काय केलंय, भिंतीवर थर्मोस्टॅट बसवलाय ज्याला सेन्सर आहे, माणूस हलला नाही की त्याला वाटतं रूम रिकामी आहे आणि तो सगळंच बंद करतो. अहो, झोपलेला माणूस हलत नाही, झोपणं म्हणजे तेच असतं! वीज वाचवा, जरूर वाचवा, पण पाहुणा जिवंत आहे हे दाखवायला मध्यरात्री हात हलवायला लावू नका.

आवाजाबद्दल मी उगाच कटकट करत नाहीये. २०१६ मध्ये ब्राउन युनिव्हर्सिटीतल्या मसाको तमाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. नव्या जागी पहिल्या रात्री झोप नीट लागत नाही हे सगळ्यांनाच माहीत होतं, त्यांनी बघितलं की का. तर गाढ झोपेतसुद्धा मेंदूचा डावा भाग उजव्यापेक्षा कमी गाढ झोपलेला असतो, पहाऱ्यावर बसल्यासारखा, आणि अनोळखी आवाजाला तो लगेच दाद देतो. दुसऱ्या वेळेला हा फरक राहत नाही. आता विचार करा, माझ्यासारख्या माणसाची बहुतेक रात्र ही कुठल्यातरी हॉटेलातली पहिलीच रात्र असते, दुसरी येते कुठे? म्हणजे आमचा अर्धा मेंदू आधीच जागा, आणि त्याच्या जोडीला तुम्ही ठेवलंय काय, तर बर्फाचं मशीन, लिफ्टची घंटा, मागच्या पाहुण्यानं लावून ठेवलेला पहाटे चारचा अलार्म, आणि शेजारच्या रूमला जोडणारं ते मधलं दार. हे मधलं दार म्हणजे कमाल आहे. भिंत कितीही जाड असू दे, त्या दाराखालच्या फटीतून शेजाऱ्याचा टीव्ही, फोन, खोकला, भांडण सगळं येतं, एकदा तर मला एका गृहस्थांचा अख्खा सेल्स रिपोर्ट ऐकून पाठ झाला होता. कुटुंबांना जोडलेल्या रूम लागतात मान्य आहे. पण दाराखाली रबराची पट्टी आणि एकट्या माणसाला शक्यतो जोडदार नसलेली रूम, हे दोन नियम मॅन्युअलात बसत नाहीत?

आणि तो दरवाजा बाई म्हणून मला आणखी एका कारणासाठी खुपतो. एकटी असले की मी आत शिरल्यावर पहिल्यांदा त्या मधल्या दाराचा खटका बघते, मग मुख्य दाराची कडी. इथं तुमच्याशी जरा गंभीर बोलायचंय. कुलूपं. २०१२ मध्ये ओनिटी नावाच्या कंपनीची कुलूपं एका छोट्या घरगुती उपकरणानं उघडतात हे जाहीरपणे दाखवलं गेलं. मग मार्च २०२४ मध्ये संशोधकांच्या एका गटानं सॅफलॉक कुलपांमधला दोष जाहीर केला, एकाच हॉटेलातलं एक कार्ड हातात आलं की बनावट कार्डांची जोडी बनवून तिथलं कुठलंही दार उघडता येत होतं. १३१ देशांतल्या १३ हजार ठिकाणची ३० लाखांहून जास्त कुलूपं. त्यांनी कंपनीला हे २०२२ मध्येच कळवलं होतं आणि जाहीर केलं त्या दिवशी जेमतेम ३६ टक्के कुलूपं दुरुस्त किंवा बदललेली होती. का, तर प्रत्येक कुलपापाशी माणूस जायला लागतो, रिसेप्शनची सिस्टिम बदलायला लागते, कार्डं बदलायला लागतात, आणि त्याचा खर्च. मला त्या संशोधकांवर राग नाही, कुलूप कंपनीवरही फारसा नाही, दोष सगळ्यात निघतात. मला एवढंच विचारायचंय की लॉबीतलं फर्निचर अमुक वर्षांनी बदललंच पाहिजे असा नियम तुम्ही करता, तो पाळला नाही तर हॉटेलमालकाकडून तुमच्या नावाचा बोर्ड काढून घ्यायची धमकी देता, तर कुलूप अमुक महिन्यांत अपडेट झालंच पाहिजे हा नियम तेवढ्याच जोरात का नाही? आणि जाता जाता, रिसेप्शनवर चारचौघांत रूम नंबर मोठ्यानं बोलू नये हे बहुतेक ठिकाणी पाळतात, कार्डाच्या पाकिटावर लिहून देतात, त्याबद्दल खरंच आभार, ज्यानं कोणी तो नियम लिहिला त्याला माझा नमस्कार सांगा.

आता तुम्ही म्हणाल, बाई, हॉटेल आमचं नसतंच. माहितीये. दारावर तुमचं नाव असतं पण बिल्डिंग दुसऱ्याची, चालवणारी कंपनी कधी कधी तिसरीच, आणि तुम्ही नाव, बुकिंग सिस्टिम आणि मॅन्युअल देऊन उत्पन्नातली टक्केवारी घेता. मॅरियटनं १९९३ मध्येच मालमत्तेची कंपनी वेगळी काढली, हिल्टननं २०१७ मध्ये बरीचशी हॉटेलं वेगळ्या कंपनीकडे दिली. धंदा म्हणून हुशारीचं आहे. पण पाहुण्याच्या बाजूनं बघा ना, तक्रार केली की मॅनेजर म्हणतो ब्रँडचा नियम, ब्रँडला मेल केला तर उत्तर येतं की हे हॉटेल स्वतंत्र मालकीचं आहे, आणि मालक कोण ते शोधायला मी काय तलाठ्याकडे जाऊ? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. आणि मालकाचंही ऐकलंय मी, नाश्त्याच्या टेबलावर एका मालकीणबाई भेटल्या होत्या, त्यांचं म्हणणं होतं की ब्रँडकडून सुधारणांची यादी येते, पीआयपी म्हणतात तिला, त्यात हेडबोर्ड बदला, कार्पेट बदला, रिसेप्शनचं काउंटर तोडून दोन छोटे डेस्क करा, पैसे सगळे आमचे, आणि त्यातली निम्मी कामं अशी की पाहुण्याला कळतसुद्धा नाहीत, आणि वर नवीन गाद्यांना पैसे उरत नाहीत. बघा म्हणजे. पडद्याचं कापड वाढवायला मालक तयार असेल, पण तुमच्या यादीत ते नाही म्हणून तो आधी काउंटर तोडतो.

बाथरूम. इथं मी थोडक्यात आवरते नाहीतर पत्र संपायचं नाही. शॉवरचा नळ शॉवरच्या बरोब्बर खाली ठेवल्यावर पाणी चालू करणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पहिलं थंड पाणी पडणार हे कळायला इंजिनियर लागत नाही. अर्धी काच लावून अर्धी मोकळी सोडायची जी फॅशन आलीये तिच्यामुळे जमीन रोज ओली होते आणि पायपुसणं घालून तीच ओल पुसायची. सरकणारं दार दिसायला छान, पण ते पूर्ण बंद होत नाही आणि एका रूममध्ये दोघं सहकारी असले तर पुढचं मी बोलत नाही. बाकी छोट्या प्लॅस्टिक बाटल्या जाऊन भिंतीवर पंप आले ते चांगलंच झालं, कॅलिफोर्नियात तर २०२३ पासून ५० पेक्षा जास्त रूमच्या हॉटेलांना कायद्यानंच त्या बाटल्या बंद केल्या. पण तीन पंप हुबेहूब सारखे आणि त्यावर शांपू की कंडिशनर की साबण हे मुंगीएवढ्या अक्षरांत! आंघोळीला चष्मा लावून कोण जातं? चाळिशी ओलांडलेल्या एकाही माणसाला त्या मीटिंगमध्ये बसवलं नव्हतं हे स्पष्ट दिसतं.

टॉवेलच्या चिठ्ठीबद्दल मात्र बोलणार. ती बाथरूममधली चिठ्ठी, पृथ्वी वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा. २००८ मध्ये गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस या संशोधकांनी हॉटेलातल्या याच चिठ्ठ्यांवर प्रयोग प्रसिद्ध केला होता. नुसतं पर्यावरणाचं आवाहन केलं तर साधारण ३७ टक्के पाहुण्यांनी टॉवेल परत वापरले, आणि 'याच रूममध्ये राहून गेलेल्या बहुतेकांनी वापरला' असं लिहिलं तर साधारण ४९ टक्के. म्हणजे माणसाच्या मनात शिरून एक शब्द बदलला की धुलाई किती वाचते इतपत बारीक अभ्यास तुमच्या धंद्यात होऊ शकतो. मग तेवढीच बारकाई पाहुण्याच्या झोपेबद्दल दाखवा की! मी टॉवेल खुशाल तीन दिवस वापरते, घरी काय रोज बदलतो का आपण. पण टॉवेल दांडीवर नीट टांगूनही संध्याकाळी परत आल्यावर नवीन टॉवेल आलेला असतो, म्हणजे चिठ्ठी पृथ्वीसाठी नव्हतीच का? आणि आता तर रोजची साफसफाईच मागितल्याशिवाय नाही. कोविडमध्ये बंद झाली ते बरोबर होतं, पण मग ती सोयीची वाटली म्हणून तशीच राहिली, २०२१ मध्ये हिल्टननं अमेरिकेत लक्झरी ब्रँड सोडून बाकी हॉटेलांत ती 'मागाल तर' अशीच केली, आणि इतरांकडेही बहुतेक ठिकाणी मला तेच दिसतं. मला स्वतःला रोज कोणी रूममध्ये यायला नको असतं, त्यामुळे माझी सोयच झाली. पण साफसफाई करणाऱ्या बाईशी बोला एकदा. चार दिवस कोणी न शिरलेली रूम आवरायला दुप्पट कचरा, दुप्पट घासणं, आणि मोजणी मात्र एकच रूम म्हणून. कमी दिवस काम, जास्त जड काम. दाराच्या बाहेर ट्रॉलीपाशी उभं राहून मला हे ज्यांनी सांगितलं त्या बाईंनी हेही सांगितलं की जाताना कचरा एका पिशवीत आणि टॉवेल एका ढिगात ठेवलेत तर आमची पाठ वाचते. मी तेव्हापासून ठेवते. ही ओळ तुमच्या त्या चिठ्ठीवर छापली तर मी ती चिठ्ठी मनापासून वाचेन.

टेबल कुठे गेलं, हाही एक प्रश्न. बिझनेस ट्रॅव्हलरसाठी म्हणून जाहिरात करता आणि लिहायचं टेबल काढून तिथं एक गोल पाट ठेवता, ज्यावर लॅपटॉप ठेवला की माउसला जागा नाही. कुठल्यातरी प्रेझेंटेशनमध्ये कोणीतरी म्हणालं असणार की तरुण पिढी पलंगावर बसून काम करते. करत असेल बाबा, त्यांच्या पाठी अजून शाबूत आहेत. आणि प्लग, पलंगाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, हलणारे नसलेले, एवढंच. दिव्यात बसवलेला तो यूएसबीचा पॉइंट चार वर्षांत जुना होतो, साधा प्लग पॉइंट म्हातारा होत नाही.

नाश्त्याबद्दल मी काही वाईट बोलणार नाही. ते पिवळे अंड्याचे चौकोन कशापासून होतात मला माहीत नाही, पण सकाळी साडेसहाला गरम कॉफी, टोस्टर आणि नाइट ड्रेसमध्ये फिरणारी पोरं, सगळे अर्धवट झोपेत एकमेकांना चमचा पुढे करतायत, त्यात एक माणुसकी आहे. फक्त वेळ. नाश्ता सुरू व्हायच्या आधी निघणारी माणसं तुमच्या हॉटेलात ढिगानं असतात, विमानतळाजवळचं हॉटेल म्हणून तर आम्ही घेतो. पहाटे चारपासून कॉफीचा एक थर्मास आणि चार फळं बाहेर ठेवा.

विमानतळावरून आठवलं. 'एअरपोर्ट' असं नावात लिहिलेलं हॉटेल विमानतळापासून किती लांब असावं यालाही एक स्टँडर्ड हवं, कारण काही ठिकाणी नावाचा आणि धावपट्टीचा संबंध कुंडलीतल्या मंगळाइतकाच असतो. आणि पायी चालणाऱ्याचं काय? तुमच्या खिडकीतून समोर दुकान दिसतं, जेवायची जागा दिसते, दोनशे पावलं असतील, पण मधे सहा लेनचा रस्ता, फुटपाथ नाही, क्रॉसिंग नाही, पार्किंगच्या कडेच्या झुडपांतून माती तुडवलेली एक पायवाट तेवढी असते, म्हणजे माझ्याआधी शेकडो लोक तिथून गेलेत. रस्ता तुमच्या हातात नाही हे कळतं मला. पण तुमच्या आवाराच्या टोकापर्यंत फरशी टाकणं तर आहे, आणि हॉटेलच्या पानावर 'गाडीशिवाय येऊ नका' असं खरं खरं लिहिणं तर नक्कीच आहे.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात वाईट, तुमचा सर्व्हे. चेकआउट करून टॅक्सीत बसायच्या आत मेल येतो, दहापैकी किती गुण? आता दहाच्या खाली काहीही दिलं की त्या हॉटेलातल्या लोकांना बोलणी बसतात हे आता आम्हाला सगळ्यांना कळलंय, कारण रिसेप्शनवरची मुलगीच हळूच सांगते, मॅडम, आठ दिले तर आमच्याकडे ते नापासच धरतात. मग मी काय करते, पडदा भेटत नाही, एसी दाणदाण वाजतो, पंपावरचं वाचता येत नाही, तरी दहा देते. कारण यातली एकही गोष्ट तिच्या हातातली नाही, सगळ्या तुमच्या हातातल्या आहेत, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात मला सामील व्हायचं नाही. म्हणजे तुमच्या टेबलावर जे दहा-दहाचे ढीग पडलेत ना, त्यात माझ्यासारख्यांची दया भरलीये नुसती, माहिती नाही. १९८९ मध्ये हॅम्प्टन इननं समाधान नाही तर पैसे नाहीत अशी हमी दिली होती, आणि ती द्यायचा अधिकार मॅनेजरलाच नाही तर अगदी साफसफाई करणाऱ्यालाही होता. म्हणजे तक्रार हॉटेलच्या खिशाला लागायची आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त व्हायची. सर्व्हेपेक्षा ते कितीतरी सरळ होतं. आणि त्याच्याही आधी मॅरियटनं कोर्टयार्ड हा ब्रँड बनवायला घेतला तेव्हा पन्नासेक बाबी काढून प्रवाशांना विचारलं होतं की यातलं काय हवं, काय सोडायला तयार आहात, आणि त्यातून ते हॉटेल ठरवलं, १९८३ मध्ये सुरू केलं. राहून झाल्यावर गुण मागण्यापेक्षा बांधण्याआधी विचारलं होतं. पुन्हा विचारा ना. नेहमीच्या गिऱ्हाइकाला देता ते पॉइंट कमी द्या हवं तर, तसेही तुमचे पॉइंट दर वर्षी कमी कमीच विकत घेतात.

तोवर एक करा. पुढचं मॅन्युअल छापायला जाण्याआधी त्यावर सही करणाऱ्या प्रत्येकानं आडवारी, कोणालाही न सांगता, साध्या गिऱ्हाइकासारखं बुकिंग करून शहराबाहेरच्या आपल्याच एका हॉटेलात रात्री अकराला पोचायचं. बॅग घेऊन, सकाळी सहाची फ्लाइट असताना. रूम लिफ्टशेजारची, मधल्या दाराची. चिमटेवाला हँगर कपाटात असतो, नसला तर खाली मागा, रिसेप्शनवरची मुलगी न विचारता दोन देते, तिला माहीत असतं कशाला हवेत ते.

आपली,
तुमच्या सगळ्याच ब्रँडांची कार्डं पाकिटात बाळगणारी एक गिऱ्हाईक